पार्किंगमधल्या पानाबहाद्दरास खुले पत्र

प्रति,
सोसायटीतले आमचे पानाबहाद्दर शेजारी यांस,



रविवारी तुम्ही गाडीचा अल्टरनेटर काढायला बसलात. एसीचा कॉम्प्रेसर आडवा येत होता, म्हणून सरळ त्याच्या नळ्यांना पाना लावलात. फुस्स करून गॅस उडाला, आणि तुम्ही म्हणालात, “जाऊ दे, पुन्हा भरून घेऊ.” तुमच्या त्या ‘जाऊ दे’ला हे उत्तर.

काय जाऊ दिलंत, ते ऐका. तुमच्या गाडीत आर-१३४ए गॅस असतो, साधारण अर्धा किलो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा एक किलो गॅस सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवून धरतो. म्हणजे तुमचा अर्धा किलो ७०० किलोंच्या बरोबरीचा. एवढा धूर काढायला ३०० लिटर पेट्रोल जाळावं लागतं. तुम्ही ते काम गाडी जागची न हलवता मिनिटभरात उरकलंत! विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला की हळहळणारेही तुम्हीच ना?

बरं, स्वतःची तरी काळजी? इंजिन बंद असलं तरी ३० अंश तापमानाला त्या नळीत हवेच्या दाबाच्या सातपटीहून जास्त दाब असतो. बाहेर पडताच त्यातला द्रवरूप गॅस उणे २६ अंशांना उकळतो. तो डोळ्यांत उडाला असता तर? ना चष्मा, ना हातमोजे, आणि शेजारी टॉर्च धरायला तुमचा मुलगा!

आता नळ्यांची तोंडं उघडी आहेत, तीही भर पावसाळ्यात. आतलं तेल हवेतली ओल शोषतं, ओल टिपणारा ड्रायर निकामी होतो, ओलीमुळे आम्ल तयार होऊन आतले भाग गंजतात. कॉम्प्रेसर बसला की अल्टरनेटरच्या मजुरीत वाचवलेल्या पैशांच्या कैक पट खर्च येईल.

घरी दुरुस्ती करण्याला माझा विरोध नाही. हाताने काम करणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण बहुतेक गाड्यांत नळ्यांना हातही लावावा लागत नाही. कॉम्प्रेसरचे बोल्ट काढायचे, नळ्यांसकट तो बाजूला सरकवायचा आणि तारेने बांधून ठेवायचा. नळ्यांवर लोंबकळू द्यायचा नाही. नळ्या सोडवाव्याच लागल्या, तर आधी एसीवाल्याकडून मशीनने गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. तो मेकॅनिकही गॅस हवेत सोडायला निघाला, तर दुसरा गाठायचा.

अमेरिकेत हा गॅस मुद्दाम हवेत सोडायला १९९५ पासून कायद्याने बंदी आहे. असे गॅस कमी करण्याचा किगाली करार २०१६ साली झाला. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडची कपात २०३२ पासून सुरू होईल, पण नळीवरचा पाना आवरायला तोवर कशाला थांबायचं?

तेव्हा आजच नळ्यांच्या तोंडांना घट्ट टोपणं लावा. जोडताना ओ-रिंग नव्या घाला, ड्रायर बदला. व्हॅक्यूम केल्याशिवाय आणि गळती तपासल्याशिवाय गॅस भरू देऊ नका, आणि तो मोजूनच भरून घ्या. नाहीतर हा गॅससुद्धा हवेतच जाईल, आणि ती हवा तुमच्या एकट्याची नाही.

आपला,
एक शेजारी