हरित इमारतीचं वय किती?

लंडनच्या ग्रीनिच भागात सेन्सबरीज कंपनीनं १९९९ मध्ये एक सुपरमार्केट उघडलं. २०१५ मध्ये ते बंद झालं, २०१६ मध्ये जमीनदोस्त. दुकानदारीला पर्यावरणाचा धडा घालून देणारी ही इमारत अठरा वर्षांचीही झाली नाही.

दुकान बंद व्हायच्या सुमारास मी तिथे गेलो होतो. बाहेरून आधी नजरेत भरायचे ते दोन्ही अंगांच्या भिंतींवर चढवलेले मातीचे बांध आणि त्यावरचं गवत. मातीमुळे आतली ऊब आतच राहायची. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, आणि दात्यांतल्या काचा उत्तरेकडे. गिरणगावातल्या कापडगिरण्या पाहिलेल्यांना ही रचना समजावून सांगायला नको. मागावरचा धागा नीट दिसावा, पण ऊन थेट आत येऊ नये, म्हणून तिथली छपरंही अशीच असत. इथे तोच मऊ उजेड भाजीपाल्यावर पडत होता. ढग सरकला की टोमॅटोंच्या ढिगावरचा प्रकाश बदलायचा. एरवी सुपरमार्केटात शिरलं की बाहेर दुपार आहे की रात्र, याचा पत्ता लागत नाही.

वास्तुरचनाकार पॉल हिंकिन यांचं हे काम. नेहमीच्या दुकानाच्या निम्म्या ऊर्जेत दुकान चालावं, असा त्यामागचा हिशेब. २००० साली स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत या इमारतीचं नाव होतं. ब्रिटनमध्ये वास्तुकलेचा याहून मोठा मान नाही.

मग कंपनीला मोठं दुकान हवं झालं आणि ती जवळच चार्ल्टनला गेली. जाताना या जागेवर अन्नपदार्थांच्या विक्रीला बंधन घालणारी अट ठेवली. म्हणजे दुसऱ्या सुपरमार्केटनं तयार इमारत घ्यायची वाटही बंद. इमारतीला वारशाचं संरक्षण मिळावं म्हणून झालेले प्रयत्न फेटाळले गेले. २०१९ मध्ये तिथे आयकियाचं दुकान उघडलं, तेही पर्यावरणस्नेही म्हणूनच!

मला ही सरळसरळ नासाडी वाटते. सिमेंट, पोलाद, काच तयार करताना जो धूर हवेत जायचा तो गेलेलाच असतो. त्याची भरपाई होते ती इमारत पुढे अनेक वर्षं वापरल्यानं. ती मध्येच पाडली की विजेची बचत राहते बाजूला आणि नव्या बांधकामाचा धूर पुन्हा सुरू. चांगली इमारत राखता येत नाही, असंही नाही. याच कंपनीच्या कॅम्डन टाउनमधल्या, निकोलस ग्रिमशॉ यांनी रचलेल्या १९८८ च्या दुकानाला २०१९ मध्ये वारसा म्हणून संरक्षण मिळालं.

मुंबई-पुण्यात आज गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे आणि जाहिरातीत ‘ग्रीन बिल्डिंग’ हे शब्द ठळक असतात. सोसायटीच्या सभेत बिल्डरचा माणूस सौरपॅनेल दाखवू लागला, की त्याला दोन प्रश्न विचारा. ही इमारत किती वर्षं टिकेल? आणि दुरुस्ती निघाली तर ती न पाडता करता येईल का? उत्तरं लेखी घ्या, मगच सही करा.