उचंत खातं

स्वयंपाकघरात वजनकाटा आला त्या दिवशी पोळ्यांच्या मावशींनी पहिल्यांदा काम सोडायची भाषा केली.

काटा साधाच, बशीएवढा, एकेक ग्रॅम दाखवणारा. मी तो ओट्यावर ठेवला, मावशींनी तव्यावरून उतरवलेली पोळी त्यावर टाकली आणि आकडा डायरीत लिहिला. दुसरी पोळी, दुसरा आकडा. तिसऱ्या पोळीला मावशींनी गॅस बंद केला.

"ताई, मी काय पीठ घरी नेते का?"

"अहो नाही हो मावशी, माझ्या वजनासाठी चाललंय हे."

"मग वजन तुमचं करा की. पोळीचं कशाला करताय?"

प्रश्न बिनतोड होता. शिवाय तो सूर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मी सव्वीस वर्षं एका सहकारी बँकेत तपासणीचं काम करते. निफाड, सिन्नर, येवला, कुठल्याही शाखेत जाऊन पहिलं व्हाउचर उचललं की कॅशियर ह्याच सुरात विचारतो, "मॅडम, काही चुकलं का?" चुकलेलं नसतं. पण मोजायला कोणी आलं की मोजला जाणारा माणूस आधी दुखावतो, ही तपासणीच्या धंद्यातली पहिली गोष्ट.

काटा आणावा लागला तो डॉक्टरांमुळे. रक्तातली साखर काठावर आहे, सात-आठ किलो उतरवा, असं त्यांनी वीज बिल भरून टाका म्हणावं तितक्या सहज सांगितलं. आमच्या घराला ह्या क्षेत्रातला पूर्वानुभव होता. मध्यंतरी निम्म्या महाराष्ट्राबरोबर आमचे हेही डॉ. दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणावर गेले होते. जेवण ५५ मिनिटांच्या आत आटपायचं, असा त्यातला नियम. ह्यांनी तो '५५ मिनिटं जेवायचं' असा वाचला. मोबाइलवर गजर लावून बसायचे आणि पन्नासाव्या मिनिटाला श्रीखंडाचा डबा मागायचे. दोन महिन्यांत दीड किलो वाढले. दोष पद्धतीचा नाही, वाचकाचा.

माझ्यासाठी लेकीने फोनवर एक ॲप घातलं. वय, उंची, वजन विचारून घेऊन त्याने मला रोजच्या १४०० कॅलरी मंजूर केल्या. खरं सांगते, मी हरखले. पथ्य म्हटलं की 'हे खाऊ नको, ते खाऊ नको' एवढंच आजवर ऐकलं होतं. इथे कसलीच मनाई नव्हती, फक्त नोंद करायची होती. रोजकीर्द लिहायला मला कोण शिकवणार?

आणि ह्या हिशेबाचं दरपत्रकही किती सुटसुटीत! एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे आहारातली एक कॅलरी. विल्बर ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिवंत माणसं एका बंद खोलीत ठेवली, त्यांना काय खायला दिलं आणि त्यांच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडली याचा ताळेबंद मांडला. त्यातून दर ठरले: पिठूळ-गोड पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला चार, स्निग्ध पदार्थ नऊ. पुढे १९१८ साली लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी पुस्तक लिहून अमेरिकेतल्या बायकांना ब्रेडचे तुकडे मोजणं सोडून त्यातल्या कॅलरी मोजायला शिकवलं. शंभरेक वर्षांनी ती लाट नाशिकला आमच्या ओट्यावर येऊन थडकली, आणि तिथे अडली.

अडली ती वाटीपाशी.

ॲप विचारी, वरण किती? मी म्हणे, एक वाटी. पण कुठली? आमच्या मांडणीत पाच घराण्यांच्या वाट्या नांदतात. लग्नात आलेल्या, बुडाशी नाव कोरलेल्या. मी एकेक वाटी पाण्याने भरून काट्यावर ठेवली. मामांकडून आलेली १९० मिली भरली. आत्याकडून आलेली १२०. मामा मनाने मोठे हे माहीत होतं, पण ह्या मोठेपणाचा सत्तावीस वर्षं माझ्या कमरेवर बोजा पडत असेल हे ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून वरण मामांच्या वाटीतून आत्याच्या वाटीत आलं. ह्यांनी विचारलं, "मामांचं काही बिनसलंय का?"

पदार्थांची नावं ही दुसरी अडचण. ॲपमध्ये 'थालीपीठ' शोधलं तर सहा उत्तरं आली, ११० पासून ४२० पर्यंत. कुणी कुणी आपापल्या घरचं थालीपीठ नोंदवून ठेवलेलं. सहा घरची सहा थालीपिठं, कुणाचंही व्हाउचर नाही. मी ११० चं निवडलं. (तपासनीसही माणूसच.) मग लेकीने हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते काढून दिले. त्यात ५२८ खाद्यपदार्थांचं पृथक्करण आहे, पण ते बहुतेक कच्च्या मालाचं. डाळ, तांदूळ, भाज्या आहेत; पिठलं, मसालेभात नाही. म्हणजे कच्चं मोजायचं, बेरीज करायची आणि शिजल्यावर वाटणी करायची. हे उमगण्याआधी मी पहिल्याच दिवशी शिजलेला दोनशे ग्रॅम भात तांदूळ म्हणून लिहिला. तांदळाला शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी असतात. त्याचा भात होताना तो पाणी पिऊन अडीच-तीनपट होतो. सकाळच्या जेवणातच माझा निम्मा दिवस संपला, ॲप लाल झालं आणि मी रात्री काकडी खाऊन झोपले.

तेलाला मात्र कच्च्यात मोजायचीही सोय नव्हती. फोडणी सासूबाईंची. त्यांचं परिमाण एकच: अंदाज. "आई, तेल किती घातलंत?" "लागलं तेवढं." "म्हणजे किती चमचे?" "अगं, मोहरी बुडायला नको का?" मोहरी बुडेल इतकं तेल ॲपमध्ये कसं भरायचं, सांगा. शेवटी मी बँकेतली युक्ती केली. सुरुवातीची शिल्लक वजा अखेरची शिल्लक. महिन्याच्या एक तारखेला पाच लिटरचा डबा फोडला, तो बरोबर तीस तारखेला संपला. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो, म्हणजे ४१ हजार कॅलरी. माणसं चार. रोज माणशी ३४०. माझ्या मंजूर १४०० मधल्या जवळजवळ एक चतुर्थांश कॅलरी भाजी पडायच्या आधीच कढईत खर्ची पडत होत्या. हा आकडा मी जेवताना जाहीर केला. सासूबाई म्हणाल्या, "बघ. आणि तू म्हणतेस मी घरासाठी काही करत नाही."

आषाढी एकादशीचं काही लिहायलाच नको, तरी लिहिते. साबुदाणा ५० ग्रॅम १७५ कॅलरी, दाण्याचं कूट ३० ग्रॅम १७०, दोन चमचे तूप ९०, बटाट्याच्या फोडी ४०. एका बशीला पावणेपाचशे. त्यावर राजगिऱ्याचा लाडू, कारण उपासाने अशक्तपणा येतो. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे काटा नव्हता, पण त्याचा अंदाज सासूबाईंच्या तोडीचा होता. मिसळीला तर मी पहिल्याच रविवारी हात जोडले. मटकी मोजाल, फरसाण मोजाल, पाव मोजाल. पण नाशिकात रस्सा पुनःपुन्हा येतो आणि तर्री तरंगते ती थेट ग्रॅमला नऊच्या दराने.

तरीही मी नेटाने लिहीत राहिले. रोज १४००, कधी १३८०. पंधरा दिवसांनी वजन केलं. होतं तेवढंच. वर दोनशे ग्रॅम.

वही जुळतेय आणि तिजोरीत पैसे कमी, हे दृश्य मी शाखांमधून पाहिलेलं आहे. तेव्हा तिजोरीवर शंका घ्यायची नसते, वहीवर घ्यायची. लेकीने कुठूनसा १९९२ चा एक वैद्यकीय अभ्यास वाचून दाखवला. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी 'आम्ही कमी खातो तरी उतरत नाही' म्हणणारी काही स्थूल माणसं घेतली आणि त्यांचं खरं खाणं शास्त्रीय पद्धतीने तपासलं. ती माणसं सरासरी ४७ टक्के खाणं कमी सांगत होती आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. सत्तेचाळीस टक्के! एवढ्या तफावतीवर बँकेत माणूस निलंबित होतो.

"मी सगळं लिहिते," मी म्हटलं.

"ताटातलं लिहितेस," लेक म्हणाली. "उभ्याने खातेस ते?"

दुसऱ्या दिवशी मी ताट बाजूला ठेवून फक्त उभ्याने खाल्लेलं लिहिलं. लेकीने टाकलेला अर्धा पराठा, फेकवेना म्हणून, १२०. कढई घासायला टाकण्यापूर्वी पोळीच्या तुकड्याने पुसून घेतलेली भाजी, ७०. शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा, ह्यांना गोड वर्ज्य म्हणून त्यांच्या वाटचाही, ११०. शाखेत "मॅडम, अर्धाच" म्हणून आलेले तीन चहा, १२०. (तपासणीला आलेल्या माणसाने शाखेतून काही घ्यायचं नसतं. चहा त्यात धरत नाहीत.) रात्री पातेल्यात उरलेला भात, फ्रिजमध्ये ठेवण्याइतका नाही आणि टाकण्याइतकाही नाही, ९०. बेरीज ५१०.

आमच्याकडे एक उचंत खातं असतं. ज्या रकमेचा धनी सापडत नाही, जी कुठल्या नावावर टाकावी कळत नाही, ती तात्पुरती तिथे टाकतात. तिथे साठत गेलेल्या रकमांवर मी शाखाधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं शेरे मारले आहेत. आणि इथे अख्ख्या घराचं उचंत खातं मी स्वतः होते. ज्या घासाला धनी नाही तो माझ्या नावे जमा. भूक लागली म्हणून खाल्लेलं त्यात काहीच नव्हतं.

हे मी मावशींना सांगितलं, थोडं समेट म्हणून आणि थोडं काट्याविषयीचा गैरसमज जावा म्हणून. त्या पोळी लाटता लाटता ऐकत होत्या.

"मग ते पोळीचं काय निघालं?" त्यांनी विचारलं.

मी डायरी काढली. चौदा पोळ्या, ३८ ग्रॅमपासून ६१ पर्यंत. म्हटलं, "मावशी, लहानमोठ्या होतात."

"होतात नाही, करते." मावशींनी लाटणं खाली ठेवलं. "आजींची लहान, त्यांना चावत नाही. दीदीची पातळ, ती डब्यात नेते. साहेबांच्या मधल्या."

"आणि ही ६१ ची?"

"ती शेवटची. उरलेल्या पिठाची. थोडक्यासाठी पीठ कशाला ठेवायचं मागे? ती तुमची."

गेली आठ वर्षं ती माझी होती. कुणी ठरवलं नव्हतं. डब्यात सगळ्यांत खाली तीच असायची आणि सगळ्यांत शेवटी जेवायला मीच.

आता मावशी पिठाचे गोळे काट्यावर ठेवून सारखे करतात, आणि शेवटच्या पिठाची चानकी करून खाली गायीला नेतात. काट्याशी त्यांचं इतकं जमलं आहे की मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या घरची किलोभर साखर आणून मोजली. ९४० ग्रॅम भरली. त्या तडक दुकानात गेल्या आणि साठ ग्रॅम साखर घेऊन आल्या. काम सोडायचा विषय पुन्हा निघालेला नाही.

माझं म्हणाल तर तीन महिन्यांत अडीच किलो उतरलं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, ह्या हिशेबाने रोजच्या ५१० वाचवून सहा किलो जायला हवे होते. उरलेल्या साडेतीन किलोंची तपासणी चालू आहे. संशय शाखेतल्या चहावर आहे.

येत्या महिन्यात भाचीचं लग्न. आहेरासाठी भांडी घ्यायला मेन रोडला गेले होते. सहा वाट्या निवडल्या, दुकानदाराकडून पाणी मागवलं आणि पर्समधून काटा काढून एकेक मोजली. त्याने बरीच वर्षं दुकान चालवलेलं असावं. काही बोलला नाही. नाव कोरणाऱ्या मुलाने तेवढं विचारलं, "काय घालू, काकू?"

"मामीकडून," मी सांगितलं. "आणि खाली बारीक अक्षरात, १२० मिली."