मुक्काम पोस्ट डेंकाली

वेताळकाका कुठल्याही हाउसिंग सोसायटीत सापडतात. वय साठीच्या आगेमागे, उभी नोकरी बँकेत नाहीतर वीज मंडळात, आणि रिटायर झाल्यापासून पाण्याच्या टाकीवर देखरेख. वरून पाहिलं तर चारचौघांसारखे. ओळखायची खूण एकच. बोलता बोलता कुणी 'वेताळाचा कुत्रा' म्हणालं, की ते हातातली कपबशी खाली ठेवतात, घसा साफ करतात आणि सांगतात, "कुत्रा नाही. लांडगा."

इथे 'कुठला वेताळ?' असं विचारणारा फसला. विक्रमाच्या खांद्यावरचा नव्हे, पुण्यातल्या टेकडीवरचाही नव्हे. हा इंद्रजाल कॉमिक्समधला, इंग्रजीतला फँटम. 1536 साली सिंगा चाच्यांनी एक जहाज लुटलं, त्यातला एकटा तरुण वाहत डेंकालीच्या किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन त्याने चाचेगिरी संपवायची शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. सध्याचा एकविसावा. जंगलातल्या लोकांची समजूत अशी, की चारशे वर्षं हा एकच माणूस आहे आणि तो मरतच नाही. अंगाला चिकटलेला जांभळा पोशाख, त्यावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, बोटात कवटीची अंगठी, राहायला कवटीच्या आकाराची गुहा. एवढं सगळं काका लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत सांगतात. लिफ्ट अडकलीच, तर डायना पामर, किट आणि हेलॉइज ही जुळी मुलं आणि कीला-वीचा सोन्याच्या वाळूचा किनारासुद्धा पदरात पडतो.

रोग लहानपणचा आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी 1964 च्या मार्चमध्ये मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिले 32 अंक एकट्या वेताळाचे. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे पाळीपाळीने येऊ लागले. 1976 साली आबिद सुरतींचा बहादूर आला. तो आपल्या मातीतला असूनही काका त्याच्याविषयी फार बोलत नाहीत, विचारलं तर 'चांगला मुलगा होता' एवढंच म्हणतात. मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतल्या वाचनालयातून अंक रोजच्या भाड्याने मिळायचा. तो घरी आणायचा तो शर्टाच्या आतून, कारण 'असली चित्रं बघून डोकी फिरतात' हे वडिलांचं ठाम मत. त्याच वडिलांनी पुढे 'अमर चित्रकथा' मात्र स्वतः आणून दिल्या. त्या काढणारे अनंत पै आधी इंद्रजालच्याच कामात होते, हे वडिलांना सांगायचं राहून गेलं, याची चुटपुट काकांना अजून आहे.

वेताळाने ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उठतो आणि जन्मभर जात नाही. काकांच्या वर्गात ही सोय बॉलपेनने केली होती. गालावर कवटी काढून घेऊन घरी गेलेल्या एका मित्राला आईने राखेने घासून काढलं. कवटी गेली, गाल आठवडाभर लाल राहिला. आज तो मित्र बालरोगतज्ज्ञ आहे आणि रविवारच्या बैठकीला न चुकता येतो.

रविवारची बैठक म्हणजे अशा पाच-सहा काकांचं पारायण. लोखंडी कपाटातून बाइंड केलेले खंड निघतात. आधी हात धुवायचे, पुसायचे, मग खंड उघडायचा. बटाटेवडा खंड मिटल्यावर. हे खंड बांधणाऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी जे करून ठेवलंय, त्याचं दुःख ताजं आहे. त्याने कडा सरळ करायला म्हणून कात्री चालवली आणि वरच्या फुग्यांची डोकी उडवली. शिलाई अशी आत घेतली, की डाव्या पानावरच्या प्रत्येक वाक्याचं शेवटचं अक्षर शिवणीत गेलं. काकांना याने काही फरक पडत नाही. ते पान वाचतच नाहीत, म्हणतात. गेलेली अक्षरं त्यांच्या तोंडून बिनचूक पडतात, आणि बाकीचे माना डोलावतात.

जुन्या जंगलातली म्हण सांगत सांगत गोष्ट पुढे न्यायची, ही मूळ लेखकाची लकब. काकांनी ती उचलली आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये आणली. "जंगलात जुनी म्हण आहे, मेंटेनन्स थकवणाऱ्याची झोप हलकी असते." थकबाकीदार खरोखरच दुसऱ्या दिवशी चेक देऊन गेला. खजिनदार अजून बुचकळ्यात आहेत.

पारायणाचा दुसरा भाग पडद्यावरचा. नातू मोबाइलवरून टीव्हीला जोडून देतो आणि पळतो, कारण पुढचे दोन तास काय होणार हे त्याला ठाऊक आहे. ही मंडळी सिनेमा बघायला बसत नाहीत, तपासायला बसतात. आयुष्यभर बँकेत व्हाउचर तपासलेला माणूस पडद्यापुढे बसला की काय होतं, ते इथे दिसतं.

सुरुवात 1943 च्या कोलंबियाच्या मालिकेने. पंधरा भाग, कृष्णधवल, टॉम टायलर वेताळाच्या कामात. टायलर पसंत आहे: उंची, खांदे, चाल, सगळं चित्रातल्यासारखं. पण मग शेजारून लांडगा येतो. तो लांडगा नाही. तो एस नावाचा, त्या काळी सिनेमात चमकलेला अल्सेशियन आहे. खोलीत शांतता पसरते. ज्या वाक्याच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं, तेच वाक्य हॉलिवूडने पडद्यावर चारी पायांनी चालवून दाखवलं. एक काका दर वेळी इथे उठून पाणी प्यायला जातात.

कोलंबियाने 1955 साली या मालिकेचा पुढचा भाग काढायला घेतला, आणि तेव्हा कळलं की वेताळाचे हक्क हातात राहिलेले नाहीत. मग पोशाखात फेरफार केला, नाव 'कॅप्टन आफ्रिका' ठेवलं आणि सिनेमा तसाच पुढे दामटला. "कन्व्हेयन्स न करता केलेलं बांधकाम," हा काकांचा शेरा. तो सिनेमा बैठकीत लावत नाहीत.

खरं रण माजतं ते 1996 च्या 'द फँटम'वर. दिग्दर्शक सायमन विन्सर, वेताळ झालाय बिली झेन. झेनने या भूमिकेसाठी व्यायाम करून अंग कमावलं, पोशाखात कापूस भरून घेतला नाही, म्हणून त्याला मान आहे. रंग जांभळाच ठेवला, यालाही मान आहे. पण चड्डीच्या पट्ट्या गायब. यावर बालरोगतज्ज्ञ काका उभे राहून बोलतात. पट्टे काढायचे होते तर सिनेमा काढलाच कशाला, असा त्यांचा मुद्दा. दुसरा आक्षेप डोळ्यांचा. चित्रात वेताळाच्या मुखवट्याआड बुबुळं कधीच दिसत नाहीत. ग्रीक पुतळ्यांच्या कोऱ्या डोळ्यांवरून ती कल्पना सुचली, असं वेताळाचा जनक ली फॉक सांगत असे. पडद्यावरचा झेन चक्क डोळे मिचकावतो. ज्याचा चेहरा पाहणारा मरतो, तो डोळे कसे मिचकावेल? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि उत्तर नाही म्हणूनच तो दर रविवारी विचारला जातो. सिनेमाला सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्च आला आणि अमेरिकेत जेमतेम 1 कोटी 70 लाख परत मिळाले. काकांच्या हिशेबात हा सगळा तोटा पट्ट्यांचा.

2009 च्या टीव्ही मालिकेत तर वेताळाला आधुनिक चिलखती पोशाख घातला. ती त्यांनी एकदा पाहिली. तिच्यावर चर्चा होत नाही.

माझ्या मते झेनचा सिनेमा इतका वाईट नाही. त्यात एक भाबडी मजा आहे, आणि कॅथरीन झीटा-जोन्सने चाचेगिरी मनापासून केली आहे. हे मी त्या खोलीत बोललो नाही. मला वडा हवा होता.

आता मुद्द्याची गोष्ट. काकांच्या मुलीने अमेरिकेहून वेताळाच्या अगदी सुरुवातीच्या पट्ट्यांपासूनचे जाडजूड पुठ्ठ्याचे खंड पाठवले. 17 फेब्रुवारी 1936 पासूनच्या पट्ट्या, वर्तमानपत्रात आल्या तशा, न कापलेल्या. मंडळी जमली. हात धुतले, पुसले. खंड उघडला. आणि तिसऱ्या-चौथ्या पानावर काकांचा चेहरा उतरला. सिंगा चाचे कुठेच नव्हते. होते ते 'सिंग' चाचे. पुढच्या काळातले खंड काढले, तिथे डेंकाली नव्हतं, 'बंगाला' होतं.

झालं होतं असं, की वेताळाचं जंगल ली फॉकने मुळात बंगालच्या उपसागराच्या आसपास कुठेतरी बेतलेलं. हे फॉक स्वतः अमेरिकेतल्या सेंट लुईसचे. आपण जग फिरून आलोय अशी हवा त्यांनी सुरुवातीला केली होती, प्रत्यक्षात तोवर कुठे गेलेच नव्हते. पुढे ते जंगल हळूहळू आफ्रिकेत सरकलं. पण इंद्रजालवाल्यांना भारतातल्या मुलांच्या हातात 'सिंग' नावाचे दरोडेखोर आणि बंगालशी मिळतंजुळतं रानटी राज्य द्यायचं नव्हतं, आणि ते शहाणपणाचंच होतं. म्हणून सिंगचे सिंगा झाले, बंगालाचं डेंकाली झालं, वेताळाच्या बापाचा मारेकरी रामा होता त्याचा रामालू झाला. शिवाय वर्तमानपत्रातल्या आडव्या पट्ट्या कापून अंकाच्या उभ्या पानात बसवल्या, वर रंग दिले, मराठीत आणल्या. गंमत म्हणजे 1996 च्या सिनेमावाल्यांनाही 'सिंग' अवघड वाटलं. त्यांनी ते 'सेंग' केलं.

म्हणजे ज्या 'मूळ' वेताळाच्या नावाने काका वर्षानुवर्षं सिनेमावाल्यांचे व्हाउचर नापास करत आले, तो स्वतःच एक रूपांतर होता, आणि तेही कात्री लावलेलं. हे त्यांना कळलं नाही असं समजू नका. दहा मिनिटं ते खंड चाळत राहिले. मग मिटला, पिशवीत घातला, आणि निकाल दिला: "छपाई चांगली आहे. पण हा खरा नाही."

त्या दिवसापासून तो खंड कपाटाच्या खालच्या खणात, डायऱ्यांच्या शेजारी असतो.

परदेशातल्या वेताळांबाबत मात्र काका उदार आहेत. स्वीडनमध्ये वेताळ निळा असतो आणि तिथे त्याचं मासिक 1950 पासून चालू आहे. इटलीत तो लाल. ऑस्ट्रेलियात 1948 पासून अंक निघतात, पापुआ न्यू गिनीतल्या डोंगरी लोकांनी त्याला लढाईच्या ढालींवर रंगवला. हे सगळे काकांना चालतात. ती त्यांची घरची पद्धत, असं ते म्हणतात. फक्त जन्मभूमी अमेरिका चालत नाही. तिथल्या माणसांना वेताळ कळलाच नाही, हे त्यांचं मत आकडे पाहिले तर खोटंही नाही.

घरात टीका होते, नाही असं नाही. समाजशास्त्र शिकणाऱ्या पुतणीने एकदा सरळ विचारलं, "काका, चारशे वर्षं एक गोरा माणूस काळ्या लोकांच्या जंगलावर राज्य करतो आणि ते त्याला देव मानतात, यात तुम्हाला काहीच खटकत नाही?" काका म्हणाले, "आमचा वेताळ गोरा कुठाय? जांभळा आहे." पुतणी हसली आणि विषय तिथेच संपला. तिचं बरोबर होतं, आणि काकांना ते माहीत आहे. कारण नंतर त्यांनी हळूच सांगितलं की बांदर टोळीचा गुरान हा खरा कर्ता पुरुष, त्याच्याशिवाय वेताळाला जंगलात औषधसुद्धा मिळालं नसतं.

काकूंची तक्रार वेगळी. वेताळ आणि डायनाचं लग्न 1977 साली झालं, हे काका झोपेतून उठवलं तरी सांगतात. स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाची आठवण दर वर्षी काकूंनाच करून द्यावी लागते. "तिला निदान चाळीस वर्षं थांबायला लागलं," काकू म्हणतात, "मला कुणी थांबायलाच सांगितलं नाही." वडे त्यांच्याच हातचे असल्यामुळे यावर कुणी बोलत नाही.

इंद्रजाल 1990 साली बंद पडलं. तेव्हा तुमच्या माळ्यावर, गावच्या घरी, मामाच्या ट्रंकेत जुने अंक असतील तर मेहरबानी करून रद्दीत घालू नका. मुखपृष्ठ फाटलेलं चालेल, पिना गंजलेल्या चालतील, मधली पानं उंदराने खाल्ली असली तरी हरकत नाही, ती काकांना पाठ आहेत. अंक मराठी मात्र हवा. आणि द्यायला जाल तेव्हा त्या प्राण्याला काय म्हणायचं, ते लक्षात ठेवा.