आभाळकाका

आभाळकाकांचं छपरांशी सरसकट वैर नाही. त्यांच्या घराला छप्पर आहे, गाडीला आहे, आणि गॅरेजचं छप्पर गळायला लागलं तेव्हा सत्तरी उलटलेला हा माणूस शिडी लावून वर चढला होता. त्यांचा आक्षेप एकाच छपराला आहे. इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियमच्या. २००९ पासून ड्रम कोअर इंटरनॅशनलची अंतिम फेरी तिथे होते आणि काका दर ऑगस्टला तिकीट काढून, हवी ती खुर्ची पकडून, मान वर करून त्या छपराकडे बघत बसतात. अधूनमधून मैदानाकडेही बघतात, पण ते तोंडी लावण्यापुरतं.

नाव अर्थातच आमच्या घरातलं. ते स्वतः अस्सल मिडवेस्टचे. मक्याच्या शेतांत वाढलेले. आमची लेक एका ड्रम कोअरमध्ये मेलोफोन नावाचं पितळी वाद्य वाजवते. उन्हाळ्यात त्या मुलांबरोबर स्वयंपाकाचा ट्रक फिरतो, त्यावर पालकांना पाळीपाळीने कांदे चिरावे लागतात. तिथे, कांद्यांच्या पोत्याच्या पलीकडे, आमची ओळख झाली. त्यांचं कोणीही त्या पथकात नाही. ते नुसतेच येतात, आणि चिरता चिरता बोलतात.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका पथकात जास्तीत जास्त १६५ मुलंमुली, एकविशीपर्यंतची. पितळी वाद्यं, ड्रम, आणि झेंडे-रायफली हवेत भिरकावून झेलणारं कलर गार्ड. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना प्रवेश नाही. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटं ही मुलं पळत, मागे चालत, आकृत्या करत वाजवतात. उन्हाळाभर बसने देश पालथा घालतात आणि रात्री एखाद्या शाळेच्या जिमच्या फरशीवर पथाऱ्या पसरतात. यासाठी त्यांना पैसे मिळत नाहीत. त्यांनाच हजारो डॉलर भरावे लागतात. हे मी गावाकडे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

तर काकांचं म्हणणं असं, की ही मुलं सराव करतात उन्हात, उन्हाळ्यातले बहुतेक कार्यक्रम करतात शाळा-कॉलेजांच्या उघड्या मैदानांवर, आणि शेवटची परीक्षा मात्र द्यायची बंद खोलीत. सॅन अँटोनिओचं अलामोडोम, अटलांटाचं स्टेडियम अशी वाटेतली मोजकी मोठी छपरं सोडली तर त्यांच्या कानांना भिंतीची सवयच नसते. यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही. काकांना ते माहीत आहे, म्हणून हा मुद्दा ते नेहमी माझ्या हातात सुरी आणि डोळ्यांत कांद्याचं पाणी असताना काढतात.

दुसरा मुद्दा आवाजाचा, आणि इथे काका पदार्थविज्ञानात शिरतात. मैदान ९१ मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. म्हणजे एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पोचायलाच पाव सेकंद जातो. मुलं यावर तोडगा शिकलेली असतात. मागचे ड्रम वाजवतात, पुढचे त्यांच्याकडे कान ठेवून त्यांच्याशी आपली लय जुळवतात, आणि समोर उभा राहून ताल देणारा ड्रम मेजर हात हलवतो तो ड्रमवाल्यांच्या पायांकडे बघून. उघड्यावर हे जमतं, कारण एकदा गेलेला आवाज परत येत नाही. छपराखाली तो परत येतो. प्रेक्षक बसतात मुख्यतः एका बाजूला. समोरचा सज्जा बराचसा रिकामा, काँक्रीटचा आणि टणक. शंभर मीटरवरच्या भिंतीला आपटून परत यायला आवाजाला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतं. १८० च्या लयीत तेवढ्या वेळात जवळजवळ दोन ठोके होऊन जातात. म्हणजे मुलगा तिसरा ठोका मारतो तेव्हा त्याचाच पहिला ठोका विचारपूस करायला आलेला असतो.

काका हे सगळं रुमालावर आकृती काढून समजावतात. एकदा माझ्या बायकोने शांतपणे विचारलं, "काका, तो प्रतिध्वनी तुमच्या मशिनमधला तर नसेल?"

काकांच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. तरुणपणी स्नेअर वाजवला, आणि पुढे वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या स्नेअरपासून दोन फुटांवर उभे राहिले, त्याची ही कमाई. त्यांनी यंत्रं काढली, खिशात ठेवली, पुढच्या पथकाचा सबंध कार्यक्रम तसाच ऐकला, आणि परत लावून म्हणाले, "नाही. छपरातलाच आहे."

अशी माणसं आपल्याला नवी नाहीत. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला गेल्यापासून कोणाचाच षड्ज लागत नाही, हे सांगणारे गृहस्थ पुण्यात भेटतात, आणि ते भेटतात मुकुंदनगरच्या मांडवातच, पहिल्या दिवसापासून शेवटच्या भैरवीपर्यंत.

आता उघड्यावरच्या त्या सुवर्णकाळाबद्दल. पहिली अंतिम फेरी १९७२ मध्ये विस्कॉन्सिनातल्या व्हाइटवॉटरला झाली आणि अनाहाइम किंग्जमेन जिंकले. काका तिथे होते. ड्रम कोअरवाल्यांत एका विशिष्ट वयाचा प्रत्येक माणूस तिथे होता. ते सगळे खरं बोलत असतील तर व्हाइटवॉटरमध्ये त्या रात्री उभं राहायला जागा नसणार. नंतर ही फेरी गावोगाव हिंडली. काकांना प्रत्येक गावाची हवा आठवते, आणि आठवणीत ती हवा नेहमी छान असते. त्यांच्या पत्नी शेजारी बसून विणकाम करतात आणि मान वर न काढता दुरुस्त्या सुचवतात.

"१९७९ ला बर्मिंगहॅम, अलाबामा. काय संध्याकाळ होती!"

"तुम्हाला ऊन लागलं होतं."

"डेन्व्हर, १९७७. डोंगरातली स्वच्छ हवा."

"एक मैल उंचावरची. हॉर्नवाल्या पोरांना श्वास पुरत नव्हता."

"माँट्रियल! १९८१!"

इथे बाई विणायच्या थांबतात, कारण माँट्रियल हा काकांच्या सिद्धान्तातला अवघड प्रांत आहे. तिथल्या ऑलिंपिक स्टेडियमचं छप्पर तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. ते १९८७ मध्ये बसलं. म्हणजे १९८१ आणि १९८२ मध्ये प्रेक्षकांच्या डोक्यावर छत आणि मैदानावर मोठं भोक, अशी अवस्था होती. हे आत धरायचं की बाहेर? काकांनी बराच विचार करून १९८१ बाहेर धरलं आहे, कारण तेव्हा सांता क्लारा व्हॅनगार्ड जिंकले ते त्यांना आवडलं होतं. १९८२ चं मात्र अजून ठरलेलं नाही.

काकांच्या लेखी शेवटची खरी अंतिम फेरी २००८ ची. ती व्हायची होती याच छपराखाली, पण स्टेडियमचं बांधकाम वेळेत हातावेगळं झालं नाही आणि सगळं लटांबर इंडियाना विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर, ब्लूमिंग्टनला गेलं. त्या रात्री फँटम रेजिमेंटने 'स्पार्टाकस' सादर करून ब्लू डेव्हिल्सना ०.०२५ गुणांनी हरवलं. शंभरातले पाव टक्काही नाहीत; त्याचा दहावा भाग. काका याला नियतीचा संदेश मानतात. बांधकाम कंत्राटदाराबद्दल इतक्या आदराने बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आणि मग आलं २००९. छप्परही त्याच वर्षी, आणि सिंथेसायझरला परवानगीही त्याच मोसमापासून. काकांचा योगायोगावर विश्वास नाही. माइक आधीच, २००४ मध्ये, आत शिरले होते. त्याआधी २००० मध्ये जुन्या 'जी' पट्टीच्या बिगुलांची सक्ती गेली. "आधी बिगुल काढले, मग तारा आणल्या, आणि मग तारा भिजू नयेत म्हणून छप्पर घातलं," हा त्यांचा इतिहास. घटनाक्रम बिनचूक आहे. कारणमीमांसा तेवढी त्यांची स्वतःची.

माझं म्हणाल तर कानांनी मी काकांच्या पक्षात आहे आणि बाप म्हणून छपराच्या. विजेचा कडकडाट ऐकू आला की उघड्या स्टेडियमवर सगळं थांबतं, आणि शेवटच्या कडकडाटानंतर तीस मिनिटं कोणी मैदानावर पाऊल टाकत नाही. मिडवेस्टच्या ऑगस्टमध्ये ही तीस मिनिटं पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. तेवढ्यात ओठ गार पडतात, स्नायू आखडतात, वाद्यांची पट्टी हलते. वाऱ्यात भिरकावलेला झेंडा झेलणाऱ्या मुलीच्या हातात न येता शेजारच्या ट्युबावर उतरतो, आणि परीक्षक वाऱ्याचे गुण कापू शकत नाहीत. शिवाय अंतिम फेरीतल्या बारा पथकांपैकी पहिलं उघड्यावर भर उजेडात वाजवणार आणि शेवटचं रात्री दिव्यांच्या झगमगाटात. मग एकाच्या वेशभूषेवर घामाचे डाग दिसतात आणि दुसऱ्याच्या वेशभूषेवर टिकल्या चमकतात. छपराखाली निदान सगळ्यांना एकच उजेड, एकच हवा आणि एकच प्रतिध्वनी. पोरीने वर्षभर घासलेली अकरा मिनिटं एका ढगाच्या मर्जीवर सोडायला माझा जीव धजत नाही. काका म्हणतात, ढगाचीच तर मजा असते. त्यांची पोरं कधीच मोठी होऊन गेली आहेत.

तडजोड म्हणून काकांनी स्वतःपुरती एक पळवाट शोधली आहे. स्टेडियमबाहेर पार्किंगच्या जागेत पथकं आत जाण्याआधी हात-ओठ गरम करतात. ड्रमवाले गोल करून उभे राहतात आणि त्यांच्याभोवती शौकिनांचा वेढा पडतो. भिंत नाही, छत नाही, डांबर तापलेलं. काका याला खरी अंतिम फेरी म्हणतात. महागडं तिकीट खिशात ठेवून ते निम्मी संध्याकाळ इथे उभे असतात, आणि आत आल्यावर आपण काय काय बुडवलं याची चौकशी करतात.

सगळ्यांत क्रूर गोष्ट मात्र अशी, की लुकस ऑइलचं छप्पर सरकतं. मनात आणलं तर उघडता येतं. नसतंच उघडणारं तर काकांनी कधीच नशिबाला बोल लावून विषय संपवला असता. आता दरवर्षी आत शिरता शिरता ते दारावरच्या पोराला विचारतात, "आज उघडणार का?" तो पोरगा उन्हाळ्यापुरता नोकरीला लागलेला असतो, छपराची किल्ली आपल्याकडे असते की काय, अशा चेहऱ्याने तो बघतो. मग काका त्याच्यासमोर पिशवी धरतात. स्टेडियमात पारदर्शक पिशवीच चालते, त्यामुळे आतला ऐवज सगळ्या रांगेला दिसतो. उन्हाचं मलम, डासांचं औषध, टोपी, बसायला उशी, आणि पिवळाधमक रेनकोट. बंद, वातानुकूलित स्टेडियमात हे सगळं कशाला, असं त्या पोराला विचारावंसं वाटतं, पण मागे रांग असते.

गेल्या खेपेस आमच्या लेकीचं पथक मैदानावर उतरलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर मधोमध बसलो होतो. ही जागाही काकांनीच सुचवलेली. छपराला शिव्या देता देता त्याच्याखाली कुठे बरं ऐकू येतं याचा इतका अभ्यास दुसऱ्या कोणाचा नसेल. शेवटच्या सुरावर सगळे हॉर्न एकदम वर उचलले गेले, तो सूर येऊन छातीवर आदळला, मुलं थांबली, आणि मग समोरच्या सज्ज्यावरून तोच सूर पुन्हा एकदा आमच्यापर्यंत आला. काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं, "काय काका, प्रतिध्वनी?"

"दोनदा ऐकायला मिळालं," ते म्हणाले. "पण पैसेही दोनदाचेच घेतात."

वरून एसीचा गार झोत थेट आमच्या रांगेवर येत होता. बायको सुती कुडत्यात, दात वाजायला लागलेले. काकांनी वाकून पिशवी उघडली, पिवळा रेनकोट झटकला आणि तिच्या खांद्यांवर घातला. त्याच्या घड्या अजून दुकानातल्या होत्या.

"बघा," ते समाधानाने खाली बसत म्हणाले, "आज उघड्यावर असतो, तर याची गरज पडली असती का?"