हे कोणी बसवलंय?

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतात. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त झालेले, खिशात पेनाशेजारी टेस्टर. आमचे अण्णा कॉम्प्युटरचे. बोलावलं नाही तरी येतात, हे सांगितलं की निम्मं चरित्र झालं.

मे महिन्यात आमचा डेस्कटॉप दहा मिनिटांत बंद पडायला लागला. आधी आतला पंखा गिरणीसारखा ओरडायचा, मग एकदम शांतता. अण्णांनी खुर्ची ओढली. "व्हायरस. फॉरमॅट मारू." त्यांच्या वैद्यकातलं हे एरंडेल. फॉरमॅट झालं. धाकटीच्या बारशाचे फोटो गेले, दुखणं राहिलं.

सुट्टीला आलेल्या भाच्याने बायोसमध्ये शिरून आकडा दाखवला : ९६. काही काम नसताना ९६ अंश! इंटेलचे बरेच प्रोसेसर शंभरच्या आसपास आपला वेग आपणच कमी करतात. तरी भागलं नाही तर जीव वाचवायला मशीन बंद पाडतात. म्हणजे बिचारं मशीन शहाणं होतं.

"फॅरनहाइट असेल," अण्णा म्हणाले.

शेवटी 'सीपीयू' उघडला. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू मारी बिस्किटापेक्षा लहान. हिने डबा टेबलाच्या बंद कप्प्यात, वर भरतकामाचं कव्हर घालून ठेवलेला. हीटसिंकच्या पात्यांत इतका कापूस, की गादीवाल्याला बोलवावं. अण्णांनी जोरात फुंकर मारली आणि पाच मिनिटं शिंकत बसले.

खरा घोटाळा खाली होता. कूलरच्या चार पिनांपैकी एक बोर्डात बसलीच नव्हती, कूलर एका बाजूला उचललेला. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट वाळून चुना झालेली. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि जगातला प्रत्येक प्लंबर, सुतार आणि शिंपी विचारतो तो प्रश्न विचारला, "हे कोणी बसवलंय?"

चहाचा कप ठेवत ही म्हणाली, "तुम्हीच, अण्णा. गेल्या दिवाळीत पंखा बदललात तेव्हा."

"तेव्हा थंडी होती," अण्णा म्हणाले, "चालून गेलं."

मग भाच्याने जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली. नवी पेस्ट अण्णा पुरीवर श्रीखंड घ्यावं तशी लावणार होते. त्याने हात धरला. दोन धातूंमधल्या बारीक फटींतली हवा घालवण्यापुरतीच ती हवी, वाटाण्याएवढी पुरते. पिना तिरक्या जोडीने, टक् वाजेपर्यंत दाबल्या. आकडा ४६ वर उतरला.

संध्याकाळी अण्णा गेटवर सांगत होते, व्हायरस चिवट होता.

बारशाला आलेल्यांपैकी कुणाकडे फोटो असतील तर कृपया पाठवावेत. एकात अण्णा आहेत, पाळण्याचा स्क्रू आवळताना.