आठ इंचांच्या वर

अमेरिकेच्या मध्यभागी, मका आणि सोयाबीनच्या शेतांत जी विद्यापीठाची गावं आहेत, त्यांपैकी एका गावात आमचा भाचा बायको-मुलीसह राहायला गेला. गावाचं नाव सांगत नाही. आयोवा, इलिनॉय, इंडियाना, कुठलंही राज्य धरा, चालेल. शाळा उत्तम, हवा स्वच्छ, गुन्हे जवळजवळ नाहीतच, असं तो निघताना सांगत होता. उन्हाळा लागला आणि त्याच्याच दाराला नोटीस लागली.

गुन्हा : गवत. उंची : आठ इंचांच्या वर.

नोटीस मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिली आहे. दाराच्या मुठीत अडकवता यावी म्हणून वर गोल भोक पाडलेला जाड केशरी कागद. सात दिवसांत कापा, नाहीतर आम्ही माणूस पाठवून कापू, बिल तुमच्या नावावर, आणि ते भरलं नाहीत तर घरावर बोजा चढवू. बोजा! आमचे मेहुणे, म्हणजे भाच्याचे वडील आबा, सहा महिन्यांसाठी तिकडेच होते. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातला हा माणूस. बोजा म्हटलं की त्यांना विकास सोसायटीचं कर्ज आठवतं, विहीर आठवते, ट्रॅक्टर आठवतो. गवत वाढलं म्हणून बोजा चढतो हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि नोटीस पुन्हा वाचायला लावली.

हा आकडा गावागणिक बदलतो. कुठे आठ इंच, कुठे दहा, कुठे बारा. वेस ओलांडली की सज्जन गवत गुन्हेगार होतं. मोजायला नगरपालिकेचा माणूस येतो, पण सहसा आपणहून येत नाही, कोणीतरी त्याला कळवलेलं असतं. कोणी, ते कधीच कळत नाही, कारण त्या मुलखात तोंडावर वाईट बोलायची पद्धत नाही. नोटिशीच्या आधी शेजारी येऊन एवढंच म्हणाले होते, "हा आठवडा फार धावपळीचा गेला वाटतं तुमचा?" भाच्याला वाटलं, काय ही आपुलकी! त्यानं विभागप्रमुखापासून मुलीच्या स्कूलबसपर्यंत सगळी धावपळ सांगितली. शेजारी हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत राहिले, गवताकडे बघत. पुढच्या शनिवारी त्यांनी आपलं गवत कापता कापता भाच्याच्या हद्दीतली दोन फुटांची पट्टीही कापून दिली. भाचेसुनेनं त्यांना डबाभर शंकरपाळे नेऊन दिले. आपल्याकडे शेजाऱ्यानं बांध कोरला तर तीन पिढ्या कोर्टात जातात. तिथे शेजारी बांध ओलांडून फुकट राबतो आणि तोच अपमान असतो, हे समजायला केशरी कागद यावा लागला.

बरं, हे गवत तरी तिथलं असावं! केंटकी ब्लूग्रास म्हणतात त्याला. नाव केंटकीचं, मूळ युरोप-आशियाचं. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सामानाबरोबर आलं आणि आज ते इतकं स्थानिक आहे की त्याला कोणी कागदपत्रं विचारत नाही. तिथलं खरं गवत निराळंच होतं. त्या मुलखाच्या मोठ्या भागावर प्रेअरी, म्हणजे गवताळ माळरान, पसरलेली होती. बिग ब्लूस्टेम नावाचं गवत सात-आठ फूट वाढायचं, माणूस आत शिरला तर दिसेनासा व्हायचा. त्यात बायसनचे कळप चरायचे. हजारो वर्षं त्या गवताची मुळं जमिनीत कुजली आणि त्यातून ती काळीभोर माती झाली, जिच्यावर आज मका उभा आहे. शेती आली तसं शेतकीचं शिक्षणही आलं : 1862 च्या कायद्यान्वये केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून शेतकीची कॉलेजं काढा म्हणून सांगितलं, आणि आजची बरीच नावाजलेली विद्यापीठं त्यातूनच वाढली. म्हणजे गवत नसतं तर माती नसती, मातीवाचून कॉलेज नसतं, कॉलेजवाचून गाव नसतं आणि गावावाचून ती नोटीस नसती. पोलादी नांगर आला आणि शे-सव्वाशे वर्षांच्या आत खेळ खलास. आयोवात मूळ प्रेअरीचा हजारावा हिस्सासुद्धा उरलेला नाही. इलिनॉय अजूनही स्वतःला प्रेअरी स्टेट म्हणवतं आणि नव्या वसाहतींत प्रेअरी नावाचा एखादा रस्ता हमखास असतो, दोन्ही बाजूंना अडीच इंचांवर छाटलेलं गवत. भाच्याच्या मुलीची शाळेची पहिली सहल कुठे गेली असेल? गावाबाहेर मुद्दाम राखलेलं प्रेअरीचं एक वावर बघायला. तिथे पाटी आहे : कृपया गवत कापू नये.

आबांना हा इतिहास सांगून उपयोग नव्हता. त्यांचा प्रश्न साधा होता आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला.

"हे खातं कोण?"

"कोणी नाही, आबा."

"मग लावलंय कशापायी?"

"कापायला."

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या माणसानं दुष्काळात चारा छावणीत जनावरांजवळ रात्री काढल्या, पेंढीपेंढीला रांग लावली, त्याच्यासमोर त्याचाच मुलगा गवताला पाणी घालतो, खत घालतो, पोराला जपावं तसं वाढवतो, वाढलं की मशीन फिरवतो आणि कापलेलं गवत कागदी पोत्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवतो. ते नेणारी गाडी फुकट नेत नाही. प्रत्येक पोत्यावर विकतचं स्टिकर चिकटवावं लागतं, किराणा दुकानात काउंटरवर मागितलं की मिळतं. बागेतला कचरा इतर कचऱ्यात टाकायला इलिनॉयमध्ये 1990 पासून कायद्यानं बंदी आहे, आणि त्याचं खत होतं ही गोष्ट चांगलीच आहे. पण आबांच्या डोक्यात हिशेब वेगळा चालला होता. पाण्याचे पैसे, खताचे पैसे, मशीनचे पैसे, पेट्रोलचे पैसे आणि वैरण फेकायचेही पैसे. एवढा आतबट्ट्याचा धंदा त्यांनी उसातसुद्धा पाहिला नव्हता. त्यांनी सुचवलं की एक शेळी घ्यावी. भाच्यानं नगरपालिकेचे नियम शोधून काढले : कोंबड्या चालतात, चारपर्यंत, कोंबडा चालत नाही, शेळीचं नाव निषिद्ध यादीत, डुकराच्या शेजारी. कोंबड्या तरी ठेवू, म्हणाले आबा. कोंबड्यांना त्या गवतावर सोडायचं नव्हतं, कारण त्या आठवड्यात औषध मारलेलं होतं. मे महिन्यात पिवळी फुलं उगवतात, डँडेलायन, ती मारायला कंपनीची गाडी येते, नळीनं फवारते आणि जाताना कोपऱ्यात एक छोटं निशाण रोवून जाते : मुलांना व पाळीव प्राण्यांना येथे येऊ देऊ नये. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, मुलीला खेळायला अंगण, त्या अंगणात मुलीलाच मज्जाव. ज्या आठवड्यात निशाण नसे त्या आठवड्यात पाऊस असे.

(हसू नका. आमच्या सोसायटीत मे महिन्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर येतात आणि फाटकाजवळच्या लॉनवर त्याच वेळी कारंजी फिरतात. लॉनवर पाय ठेवला तर वॉचमन शिट्टी मारतो. दर वार्षिक सभेत मी हा विषय काढतो आणि दर वेळी अध्यक्ष चहा मागवतात. गवत हे चरायला असतं किंवा लोळायला असतं. नुसतं बघायला गवत ठेवणाऱ्या माणसांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही.)

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की काही गावांना दया येते. विस्कॉन्सिनमधल्या अ‍ॅपलटन गावानं 2020 साली मे महिनाभर गवत न कापायची मुभा दिली. मधमाश्यांसाठी. फुलं राहिली तर त्यांना खायला मिळेल म्हणून. तेव्हा मधमाशी असाल तर जरूर जा.

भाचेसून असाल तर मात्र विचार करा. आमची भाचेसून एम.टेक. आहे. पुण्यात ती पुलांची डिझाइनं तपासायची, म्हणजे तिनं सही केल्याशिवाय गर्डर चढत नसे. आता ती एच-4 व्हिसावर आहे. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातली एक ठरावीक पायरी मंजूर होईपर्यंत तिनं पगाराचं काम करायचं नाही. त्यानंतर काम करू देण्याची सवलतसुद्धा 2015 पासूनची, आधी तीही नव्हती. भाच्याची नोकरी नवी, पायरी लांब, त्यामुळे नोटिशीनंतर मशीन तिच्या हातात आलं. चांगलं कापते. सरळ पट्ट्या, एक उजळ, एक गडद, इंजिनिअरच ती. समोरच्या आजींना तिचं काम आवडलं. त्यांचं गवत शेजाऱ्यांचा चौदा वर्षांचा मुलगा कापायचा, चाळीस डॉलर घेऊन, कडा सोडून. आजींनी तेच चाळीस डॉलर हिला देऊ केले. हिनं हात मागे घेतला. घेता येत नाहीत. चौदा वर्षांचं पोर घेऊ शकतं, पूल तपासणारी बाई घेऊ शकत नाही. तेच मशीन, तेच गवत, तेच आठ इंच. आता ती आजींचं गवत तसंच कापते आणि आजी तिला झुकिनी देतात. ऑगस्टमध्ये त्या गावात झुकिनी फुकटही कोणी घेत नाही. लोक रात्री दुसऱ्याच्या पायरीवर ठेवून पळतात. भाचेसून तिची थालीपिठं लावते. फोनवर हे सांगताना ती हसत होती, आणि इथे मला या सदराचा सूर सांभाळता येत नाही. ज्या गावाकडे अंगणातलं गवत मोजायला माणूस आहे, गाडी आहे, केशरी कागद आहे, त्या गावाच्या नद्यांवर पूलही असतील ना? ते कोण तपासतं? तिला परत बोलावून घ्या, आमच्याकडे पूल पडत असतात, असं मी बहिणीला म्हटलं. बहीण म्हणाली, "दादा, तू यात पडू नकोस."

सप्टेंबर आला, विद्यापीठाच्या संघाचा फुटबॉल सुरू झाला आणि गवताची सगळी तत्त्वं गुंडाळली गेली. हंगामात सहा-सात शनिवारी घरचा सामना असतो. त्या दिवशी आसपासच्या शंभर मैलांतली माणसं गावात येतात, आणि गाड्या कुठे लावतात? लॉनवर. औषध मारलेल्या, निशाण रोवलेल्या, पट्ट्या पाडलेल्या लॉनवर. एरवी गवतावर गाडी लावली तर दंड. सामन्याच्या दिवशी तीच गाडी परंपरा. स्टेडियमजवळची घरं तीस-चाळीस डॉलरला एक गाडी घेतात, पोरं पुठ्ठ्यावर भाव लिहून रस्त्यात उभी राहतात. भाच्याचं घर स्टेडियमपासून चालत वीस मिनिटांवर, म्हणजे सहा पिकअप सहज. आता गाडी लावून घेतल्याचे पैसे हे काम की उत्पन्न, आणि पुठ्ठा भाचेसुनेनं धरला तर काय, यावर शुक्रवारी रात्री घरात खल झाला. वकिलाला विचारायचं तर त्याची तासाची फी सहा पिकअपांपेक्षा जास्त. शेवटी पुठ्ठा आबांनी धरला. त्यावर त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं : पार्किंग फुकट, जाताना गवताचं एक पोतं न्यावं.

पहिलाच आला तो शेतकरी निघाला. टोपी, ढगळ जीनची पँट, पिकअपच्या मागच्या खिडकीत दोरखंड. भाचा मध्ये उभा राहून भाषांतर करत होता. गाई किती? साठ. आबांच्या दोन म्हशी. दूध, वासरं, पावसानं दिलेला दगा, मक्याचा भाव, सगळं बोलून झालं. आबा खुशीत होते. सहा महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच समजणारा माणूस भेटला होता. त्यांनी पोतं उघडून पुढे केलं. हिरवंगार, बारीक, ओलसर गवत. शेतकऱ्यानं मूठभर उचललं, नाकाशी नेलं आणि विचारलं,

"औषध मारलंय का यावर?"

"हो," भाचा म्हणाला.

त्यानं मूठ पोत्यात रिकामी केली आणि हात पँटला पुसले.

"मग गुरांना नाही चालायचं," तो म्हणाला. "पण लॉन छान ठेवलंय हं तुम्ही."