लाजेवर खापर फोडू नका

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचं व्याख्यान कुठलंही असो, एक वाक्य त्यात ठरलेलं असतं: "आपल्या बायका लाजतात, म्हणून तपासणीला येत नाहीत." मला या वाक्याचा संताप येतो. ते म्हणणाऱ्यांनी एकदा धाराशिव जिल्ह्याचा इतिहास वाचावा.

१९९९ मध्ये, जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं तेव्हा, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने तिथल्या गावांत एक अभ्यास सुरू केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे चार गट केले. एका गटात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन तपासणं), तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी बघणं. या तीन गटांतल्या दहांपैकी जवळपास आठ जणी तपासून गेल्या. लाज त्यांनाही होतीच की! पण आरोग्यसेविका घरी येऊन नीट सांगून गेली होती, आणि तपासणारीही बाईच होती.

आठ वर्षांनी निकाल हाती आला. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या रोगाने ३४ बायका गेल्या. चौथ्या गटात, जिथे तपासणी केलीच नव्हती, ६४. (तो गट तसाच ठेवावा का, यावर पुढे मोठा वाद झाला. व्हायलाच हवा होता. त्या चौसष्ट जणीही कुणाच्या तरी आया होत्या.)

हे सगळं २००९ मध्ये जगभर छापून आलं. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ मध्ये, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के. धाराशिवच्या बायकांनी जे सिद्ध करून दिलं, त्याचं आपण काय केलं?

समजुती आहेत, नाही असं नाही. "मला काही त्रासच नाही, मग कशाला तपासायचं?" ही सगळ्यात घातक, कारण रोग त्रास न देता वर्षानुवर्षं वाढतो आणि त्याच काळात तो सहज थोपवता येतो. पण ही समजूत बाईच्या डोक्यात आली कुठून? दुखल्याशिवाय दवाखान्यात गेलं की "काय झालंय?" असं वसकन विचारणाऱ्या व्यवस्थेनेच ती शिकवली. दुसरी समजूत गर्भपिशवीची. बीडच्या ऊसतोड बायका अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेल्या, तेव्हा कित्येकींना सांगितलं गेलं, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." २०१९ मध्ये सरकारला त्यावर चौकशी समिती नेमावी लागली. कर्करोगाची भीती घालून ऑपरेशन करायला डॉक्टर होते. मिनिटभर थांबून डाग बघायला मात्र कोणी नव्हतं. अडाणी कोणाला म्हणायचं मग?

आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांची शिबिरं आठवा. उद्दिष्ट ठरलेलं असायचं, गाडी दारात यायची, बायका टेबलावर चढायच्या. तिथे त्यांची लाज कोणाला आडवी आली नाही.

आज आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. त्यात पाळी नसताना रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, असे प्रश्न असतात. प्रश्न चांगले आहेत. पण "हो" म्हणणाऱ्या बाईला पुढे कुठे पाठवायचं? गावातल्या बायांनी ग्रामसभेत उभं राहून विचारावं: आपल्या आरोग्य केंद्रात ही तपासणी कोणत्या वारी होते, तपासायला बाई आहे का, खोलीला कडी आहे का, आणि डाग दिसला तर त्याच दिवशी उपचार होतो की नाही? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं, तारखेसकट.